‘सापडत नाही’ची वंशावळ

पायथॉनची एखादी स्क्रिप्ट जुन्या कॉम्प्युटरवर चालवायला घ्यावी आणि काळ्या खिडकीत चार-पाच ओळींचा मजकूर उमटावा, यात आता कोणाला नवल वाटत नाही. वरच्या ओळींत फाइलींचे पत्ते असतात, ते सहसा कोणी वाचत नाही. नजर जाते ती थेट शेवटच्या ओळीवर: ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’, आणि पुढे हव्या असलेल्या मॉड्यूलचं नाव. स्क्रिप्टला दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तुकडा हवा होता, तो मिळाला नाही. मग बहुतेक जण तोच तुकडा पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात. कधी जमतं, अनेकदा जमत नाही. कारण ती ओळ तुकडा मिळाला नाही एवढंच सांगते. तो कोणी शोधला, कुठे शोधला आणि का मिळाला नाही, हे तीन प्रश्न ती आपल्यावर सोडून देते.

हे प्रश्न पायथॉनपेक्षा कितीतरी जुने आहेत. आपल्या प्रोग्रामचं थोडं काम दुसऱ्याने लिहिलेल्या तुकड्यावर सोपवायची कल्पना निघाली, त्याच दिवशी तो तुकडा न मिळण्याचीही सोय झाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत बदलत गेलं ते प्रोग्राम आणि त्याचा तुकडा यांच्यामधलं अंतर. हे अंतर वाढत गेलं तशी या तक्रारीची जातही बदलली. जुन्या कॉम्प्युटरवर यातल्या बऱ्याच पिढ्या एकदम भेटतात, म्हणून तिथे गोंधळ जास्त.

पोलादी कपाट

६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकाने आपला पहिला प्रोग्राम चालवला. मॉरिस विल्क्स हे त्याचे कर्ते. यंत्र खोलीभर, पण त्याची स्मृती सुरुवातीला अवघी ५१२ शब्दांची, आणि तीही पाऱ्याच्या नळ्यांमधून ध्वनिलहरी फिरवत ठेवून सांभाळलेली. प्रोग्राम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून लिहायचा. थोड्याच दिवसांत विल्क्स यांना कळून चुकलं की आपल्या आयुष्याचा बराचसा भाग आता आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. भागाकार, वर्गमूळ, आकडे छापणं ही कामं प्रत्येकाने नव्याने लिहायची म्हटली तर प्रत्येक जण नव्याने चुकणार. त्यापेक्षा एकदा नीट तपासलेले तुकडे सगळ्यांसाठी ठेवावेत, असा विचार पुढे आला.

तो प्रत्यक्षात आणण्यात मोठा वाटा डेव्हिड व्हीलर या विशीतल्या संशोधक विद्यार्थ्याचा. तपासलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या एका पोलादी कपाटात ठेवलेल्या असत. प्रत्येक तुकड्याला अक्षर आणि क्रमांक: छपाईच्या तुकड्यांना ‘पी’, भागाकाराच्या तुकड्यांना ‘डी’. ज्याला हवा त्याने ती पट्टी काढायची, तिची नक्कल यंत्रावर आपल्या पट्टीत उतरवून घ्यायची आणि मूळ पट्टी जागच्या जागी ठेवायची. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी प्रोग्राम कसे लिहावेत यावर पुस्तक काढलं, तेव्हा या संग्रहात ८७ तुकडे होते.

यात एक मेख होती. तोच तुकडा एका प्रोग्रामात स्मृतीच्या सुरुवातीला बसे, तर दुसऱ्यात मध्येच कुठेतरी. मग तुकड्याच्या आतले पत्ते जुळायचे कसे? व्हीलरने याचं उत्तर पट्टी वाचणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्येच बसवलं. जेमतेम ४१ आज्ञांचा हा प्रोग्राम पट्टी वाचता वाचताच तुकड्यातले पत्ते त्याच्या नव्या जागेप्रमाणे दुरुस्त करी. आजच्या कॉम्प्युटरमध्ये लिंकर आणि लोडर म्हणून जे काम चालतं, त्याचं हे मूळ.

आता समजा, एखादा तुकडा उतरवून घ्यायचा राहूनच गेला. एडसॅक काहीच बोलत नसे. उडी मारायला सांगितलेल्या जागी जे काही असेल ते आज्ञा समजून पाळायचं, एवढंच त्याला ठाऊक. काय बिघडलं ते शोधायची पद्धतसुद्धा शोधून काढावी लागली. गिल यांनी १९५१ साली एडसॅकवरच्या प्रोग्राममधल्या चुकांचं निदान कसं करावं यावर निबंध लिहिला, तो या शास्त्राच्या सुरुवातीच्या लेखनापैकी एक. तरी त्या काळी आपल्या तीन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. तुकडा शोधणारा माणूसच, शोधायची जागा म्हणजे ते कपाट, आणि मिळाला नाही तर बहुधा आपणच विसरलेलो.

शोधाशोध यंत्राकडे

पुढच्या दहा वर्षांत हे शोधण्याचं काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलं. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅकसाठी केलेल्या ए-झिरो या योजनेत तुकडे चुंबकीय टेपवर असत. प्रोग्रामरने फक्त त्यांचे क्रमांक द्यायचे, टेपवरून ते उचलून एकत्र आणणं यंत्राचं काम. १९५८ साली आयबीएमच्या फोरट्रानची दुसरी आवृत्ती आली आणि प्रोग्रामचे भाग वेगवेगळे तयार करून नंतर जोडायची सोय झाली. क्रमांकांच्या जागी नावं आली. जोडणाऱ्या प्रोग्रामकडे नावांची यादी असे. यादीतलं एखादं नाव कुठेच मिळालं नाही तर तो ते छापून मोकळा होई. ‘हे नाव ठाऊक नाही’ असं यंत्राने सांगायला सुरुवात झाली ती अशी.

या पिढीचा एक गुण विसरू नये. तक्रार यायची ती काम सुरू होण्याआधी, जोडणीच्या वेळी. एकदा जोडणी झाली की सगळे तुकडे प्रोग्रामच्या पोटात. असा प्रोग्राम त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्रावर नेला तरी वाटेत काही हरवायची भीती नाही.

१९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यातल्यासारखे मोठ्या प्रमाणावर तयार व्हावेत, अशी मागणी केली. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रामचे मॉड्यूल पाडायचे कसे, याची कसोटी सांगितली: प्रत्येकाने आपल्या आतला तपशील झाकून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी इतरांना झळ लागणार नाही. सुट्या भागांचं आज जे जंगल दिसतं, त्याचं बी या दोन विचारांत आहे.

मात्र आपल्या तक्रारीचा खरा पूर्वज मल्टिक्समध्ये सापडतो. एमआयटी, बेल लॅब्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला हाती घेतलेल्या या यंत्रणेत प्रोग्राम चालू असताना जोडणी होत असे. एखाद्या तुकड्याचं नाव पहिल्यांदा आलं की काम क्षणभर थांबे, यंत्रणा ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या जागी शोध घेई, आणि तुकडा मिळाला की काम पुढे चाले. फायदा उघड होता. शंभर जणांना लागणारा तुकडा स्मृतीत एकदाच ठेवला की झालं, आणि तो सुधारला की सगळ्यांना सुधारलेला मिळे. किंमतही तितकीच उघड. प्रोग्राम सुरू झाला म्हणजे तो पूर्ण आहे, ही खात्री गेली. बेल लॅब्सने १९६९ साली मल्टिक्समधून अंग काढून घेतलं आणि तिथल्या काही जणांनी युनिक्स लिहिलं. त्यांनी बरीच वर्षं जुनी पद्धतच ठेवली, सगळं प्रोग्रामच्या पोटात. पण सामायिक तुकड्यांचा मोह टळला नाही. १९८८ च्या सुमारास सनओएसमध्ये आणि पुढे सगळ्याच युनिक्स घराण्यात ते आले. आज लिनक्सवर ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असा निरोप येतो, त्याचं मूळ इथे.

डीएलएलचे दिवस

घराघरांत ही तक्रार पोचवली ती विंडोजने. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिला किमान २५६ किलोबाइट मेमरी लागत असे. एवढ्याशा जागेत खिडक्या, मेनू, चित्रं काढणारा कोड प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळा ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून डायनॅमिक लिंक लायब्ररी, म्हणजे डीएलएल. कोड एकदाच ठेवायचा, ज्याला लागेल त्याने वापरायचा.

१९९० च्या दशकात व्हिज्युअल बेसिकमुळे कोणीही विंडोजचे प्रोग्राम लिहू लागला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत केलेला प्रत्येक प्रोग्राम ‘व्हीबीरन३००’ नावाच्या एका डीएलएलवर अवलंबून. प्रोग्राम स्वतः चिमुकला, ही फाइल त्याच्या कितीतरी पट मोठी, आणि फ्लॉपीत जागा १.४४ मेगाबाइट. म्हणून अनेक जण ती फाइल बरोबर देतच नसत. ‘व्हीबीरन३०० तुमच्याकडे हवी’ अशी ओळ सूचनांच्या फाइलमध्ये टाकली की काम झालं. ज्याच्याकडे ती नसेल त्याने ती कुठूनतरी मिळवायची. हरवलेली फाइल कोणाकडून तरी आणून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायची सवय लोकांना लागली ती या काळात, आणि ती अजून सुटलेली नाही.

दुसरा ताप याहून वाईट. सगळे प्रोग्राम एकाच सिस्टिम फोल्डरवर विसंबलेले, आणि प्रत्येक नव्या प्रोग्रामचा इन्स्टॉलर तिथे आपापली डीएलएल आणून टाकणार. एखाद्याने नव्यावर जुनी आवृत्ती ठेवली की तिसराच प्रोग्राम बंद पडे. सोसायटीच्या सामायिक टाकीवर एका बिऱ्हाडाच्या प्लंबरने हात चालवावा आणि पाणी वरच्या मजल्याचं जावं, तसा प्रकार. फाइल जागेवर असे, नाव तेच असे, पण आतला माल बदललेला. जाणकारांनी याला ‘डीएलएल हेल’ असं नाव दिलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये यंत्रणेच्या महत्त्वाच्या फाइलींवर पहारा बसवला आणि २००१ च्या एक्सपीमध्ये एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली. म्हणजे जागा वाचवायला जे सामायिक केलं, ते भांडण मिटवायला पुन्हा वेगळं करावं लागलं.

कपाट गेलं जगाच्या दुसऱ्या टोकाला

याच सुमारास स्क्रिप्टच्या भाषांचं राज्य सुरू झालं. १९९४ च्या पर्ल ५ मध्ये मॉड्यूल आली आणि १९९५ साली त्यांचं सीपॅन हे इंटरनेटवरचं भांडार उघडलं. पर्लचा न सापडल्याचा निरोप मुद्दाम वाचण्यासारखा आहे. अमुक फाइल मिळाली नाही असं सांगून तो थांबत नाही. ज्या ज्या फोल्डरमध्ये शोधलं त्यांची अख्खी यादी त्याच ओळीत छापतो. दिसायला गबाळा, पण ‘कुठे शोधलं’ या प्रश्नाचं उत्तर न मागता देणारा.

ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस पायथॉन लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती बाहेर पडली. मॉड्यूल तिच्यात पहिल्यापासून होती. सोबत मिळणारी मॉड्यूलही भरपूर, त्यामुळे सुरुवातीला बाहेरून फार काही आणावं लागत नसे. मग २००३ साली पायपीआय हे भांडार आलं, २००८ साली तिथून मॉड्यूल आणणारं पिप आलं, आणि दोन-चार शब्दांच्या एका आज्ञेत हवं ते मॉड्यूल घरी येऊ लागलं. डिसेंबर २०१६ मध्ये पायथॉन ३.६ ने ‘मॉड्यूल मिळालंच नाही’ ही तक्रार ‘मॉड्यूल मिळालं पण आत घेता आलं नाही’ या तक्रारीपासून वेगळी काढली. फरक बारीक वाटतो, पण दुरुस्ती करणाऱ्याला फार उपयोगी.

प्रोग्राम आणि तुकडा यांच्यामधल्या अंतराचा कडेलोट २२ मार्च २०१६ रोजी दिसला. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून एका लेखकाने वादानंतर आपली मॉड्यूल काढून घेतली. त्यात ‘लेफ्टपॅड’ नावाचं ११ ओळींचं एक मॉड्यूल होतं. ओळीच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर विसंबलेल्या मॉड्यूलवर इतर मॉड्यूल, त्यांच्यावर आणखी काही, अशी उतरंड. जगभरच्या प्रकल्पांची जोडणी धडाधड अडली. काही तासांत ते मॉड्यूल परत आलं आणि एनपीएमने मॉड्यूल काढून घेण्याचे नियम कडक केले. पण यातल्या बहुतेकांनी लेफ्टपॅडचं नावही त्या दिवसापर्यंत ऐकलेलं नव्हतं.

जुन्या यंत्रावर

आता जुन्या कॉम्प्युटरकडे वळू. इथे निरोप एकच असतो आणि कारणं वेगवेगळ्या पिढ्यांमधली.

विंडोज सेव्हनचं उदाहरण घ्या. मित्राने नव्या कॉम्प्युटरवर पायथॉन ३.९ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत लिहिलेली स्क्रिप्ट एक्झी फाइल करून दिली. जुन्या यंत्रावर ती दाबली की खिडकी येते: ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ अशा लांबलचक नावाची डीएलएल तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. जुनी सवय म्हणते, कुठूनतरी ती फाइल आणून टाका. इथे ती सवय घात करते. हे नाव म्हणजे विंडोज एटपासून आलेल्या सोयीकडे नेणारा दरवाजा आहे. सेव्हनमध्ये ती सोयच नाही, तर नुसता दरवाजा आणून काय होणार? शिवाय अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली डीएलएल म्हणजे विषाची परीक्षा. पायथॉनवाल्यांचा नियम असा की मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या ज्या आवृत्तीचा पाठिंबा थांबवला ती पुढच्या पायथॉनमधून गळते. सेव्हनचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेली ३.८ ही सेव्हनवर चालणारी शेवटची पायथॉन, आणि एक्सपीसाठी शेवटची ३.४. तेव्हा उपाय एकच: सेव्हनवर सर्व्हिस पॅक १ आणि नंतरचे अपडेट आहेत हे पाहायचं आणि एक्झी ३.८ मध्ये पुन्हा बनवून घ्यायची.

दुसरा प्रकार याहून फसवा. जुन्या मॅकवर किंवा जुन्या लिनक्सवर पिपला मॉड्यूल आणायला सांगितलं की ते म्हणतं, जुळणारी आवृत्तीच मिळाली नाही. ब्राउझरमध्ये पाहावं तर भांडारात ते मॉड्यूल ढळढळीत दिसतं. २०१८ साली पायपीआयने टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या. जुन्या यंत्रावर ही जोडणी करणाऱ्या ओपनएसएसएलला तिची नवी आवृत्ती येत नाही, म्हणून भांडाराच्या दारातच बोलणं फिसकटतं. पिपच्या हाती यादीच पडत नाही, आणि यादी रिकामी म्हणजे मॉड्यूल नाही असा अर्थ ते लावतं. अशा वेळी शेवटच्या ओळीपेक्षा तिच्या वरच्या दोन-तीन ओळी वाचाव्यात. खरं कारण बहुधा तिथेच छापलेलं असतं. उपाय म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या जुन्या पायथॉनला जुळणाऱ्या मॉड्यूलच्या फाइली उतरवून पेनड्राइव्हने आणणं. पिप अशा फाइलींवरूनही मॉड्यूल बसवतं.

तिसरा प्रकार असा की मॉड्यूल जागेवर असतं, पण आत येत नाही. विंडोजवर ‘डीएलएल लोड फेल्ड, स्पेसिफाइड मॉड्यूल सापडलं नाही’ असं दिसतं तेव्हा नाव घेतलेली फाइल बहुधा असतेच. नसते ती तिला लागणारी दुसरी फाइल, आणि तिचं नाव विंडोज सांगत नाही. अनेकदा तो मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम असतो. तो कंपनीच्याच ठिकाणाहून घेऊन बसवला की काम होतं. कधी ३२ बिटांच्या पायथॉनला ६४ बिटांची फाइल दिलेली असते. कधी प्रोसेसरच जुना पडतो. टेन्सरफ्लो या मॉड्यूलच्या तयार फाइलींना १.६ या आवृत्तीपासून एव्हीएक्स नावाच्या आज्ञा लागतात, आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्या २०११ साली आल्या. त्याआधीच्या यंत्रावर कितीही वेळा इन्स्टॉल केलं तरी ते मॉड्यूल चालणार नाही.

चौथा प्रकार नावांचा. २००८ च्या पायथॉन ३ मध्ये ‘टीकेइंटर’चं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतून छोट्या लिपीत आलं, ‘यूआरएललिब२’ दुसऱ्या मॉड्यूलमध्ये विरघळलं, ‘सीपिकल’ गेलं. जुनी स्क्रिप्ट जुनी नावं घेऊन हाका मारत राहते. शिवाय एकाच यंत्रात दोन-तीन पायथॉन असल्या तर पिप एकीत मॉड्यूल टाकतं आणि स्क्रिप्ट दुसरीत चालते. म्हणून पिप थेट न बोलावता, ज्या पायथॉनने स्क्रिप्ट चालणार तिच्याकरवीच बोलावावं. आणि आपण आपल्याच फाइलला ‘रँडम’ असं नाव दिलं असेल, तर पायथॉन आधी तिलाच उचलते आणि खरं रँडम मॉड्यूल बाजूला पडतं. तो मामला घरातच मिटतो.

या सगळ्यांत कामाची रीत एकच राहते. आधी स्क्रिप्टमध्येच दोन ओळी घालून विचारायचं: तू कोणत्या पायथॉनने चालते आहेस, आणि कोणत्या फोल्डरमध्ये शोधते आहेस? पायथॉनचं ‘सिस’ मॉड्यूल ही दोन्ही उत्तरं देतं. मग पाहायचं की त्या फोल्डरमध्ये फाइल आहे का. नसेल तर आणायचा प्रश्न, असेल तर जुळवायचा प्रश्न: आवृत्ती, बिट, प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम. इन्स्टॉलची आज्ञा याच्या नंतर.

आणि हा ताप फक्त जुन्या यंत्रांचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मधल्या पायथॉन ३.१२ ने ‘डिस्टयूटिल्स’ काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मधल्या ३.१३ ने ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ अशी डझनावर जुनी मॉड्यूल कमी केली, कारण ती सांभाळायला माणसं नव्हती. म्हणजे पायथॉनच्या स्वतःच्या संग्रहातली मॉड्यूलही कायमची नाहीत, आणि आज चालणारी स्क्रिप्ट आणखी दहा वर्षांनी नव्या यंत्रावर हाच निरोप दाखवू शकते. ते टाळायचं असेल तर स्क्रिप्टबरोबर तीन गोष्टी आजच ठेवाव्यात: पायथॉनची नेमकी आवृत्ती, वापरलेल्या मॉड्यूलची आवृत्त्यांसह यादी, आणि त्या सगळ्यांच्या उतरवलेल्या फाइली. डिस्कवर यांना थोडी जागा लागते, पण आता जागेची टंचाई कोणाला आहे? ज्या टंचाईपायी तुकडे सामायिक झाले ती केव्हाच संपली. सवय मात्र मागे राहिली, आणि तिचा हिशेब जुना कॉम्प्युटर चालवणाऱ्याकडून वसूल होतो.